पायरीची वीट

आमच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये, बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारीशेजारी, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वीट असते. भट्टीतून निघालेली साधी लाल वीट. तिच्या एका अंगावर भट्टीवाल्याच्या साच्यातली तीन अक्षरं उमटलेली आहेत आणि दुसऱ्या अंगावर खिळ्यानं कोरलेली नावं. अकरा महिने तिची कुणाला आठवणही होत नाही. मग सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर होतो, आणि त्या दुपारी पाठीवरचं दप्तर न उतरवताच कुणीतरी माझ्या दारात येऊन उभं राहतं. "काकू, मीटर रूमची चावी."

दिवाळी आली हे मला आकाशकंदिलाआधी त्या चावीवरून कळतं.

आम्ही परळची चाळ सोडून बदलापुरात आलो ते २००१ मध्ये. त्या वर्षीच्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या जरा आत होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. या दोन आकड्यांच्या मधली माणसं म्हणजे आम्ही. मुंबईत जागा परवडली नाही, डोंबिवलीही आवाक्याबाहेर गेली, म्हणून कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी एकेक स्टेशनं मागे टाकत इथवर आलेली. सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं असं इथले जुने लोक सांगतात. दमलेला घोडा इथे सोडायचा, ताज्या दमाचा घ्यायचा आणि पुढे निघायचं. आम्ही मात्र दमायला बाहेर जातो आणि रात्री इथे येऊन पाठ टेकतो. कात्रपला घर घेतलं तेव्हा पहिली तीन वर्षं समोरच्या दारातल्या माणसाला मी त्याच्या कुलपावरून ओळखत होते. पितळी कुलूप असलं की साहेब अजून आलेले नाहीत, एवढाच आमचा परिचय.

चाळीत असं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. परळला पाण्याच्या टाकीमागे दर दिवाळीत किल्ला व्हायचा. वडील गिरणीतून फाटकं गोणपाट आणायचे, आई चाळणी द्यायची आणि नंतर तीच चाळणी बदलून आणायची. मातीतून हात काढून फराळाच्या ताटाकडे गेलं की पाठीत धपाटा बसायचा. किल्ला कुणाचा, हा प्रश्न त्या चाळीत कुणाला पडला नसता.

बदलापुरात पहिला किल्ला माझ्या मुलानं केला. आठ वर्षांचा होता. जिन्याखाली एकटाच बसून बागेतली माती एका खोक्यावर थापत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ दोन पोरं दिसली, चौथ्या दिवशी अकरा. त्या अकरा पोरांना हाक मारायला वेगवेगळ्या मजल्यांवरून अकरा घरं खाली उतरली. समोरच्या पितळी कुलपाचे मालकही त्यात होते. रात्री अकराच्या सुमाराला स्टेशनवरून चालत आले, खांद्याला बॅग तशीच, आणि किल्ल्यापाशी थांबून म्हणाले, "तो उजवा बुरूज कलतोय रे. आत डबा घाला." मुलांनी विचारलं, कसला डबा? ते वर गेले आणि पत्र्याचा रिकामा डबा घेऊन खाली आले, मग गुडघे टेकून बसले. ऑफिसची पँट, गुडघ्याला चिखल. साताऱ्याकडचे निघाले. त्यांच्या गावी किल्ल्याला शेणाचा हात देतात, हे आम्हाला त्या रात्री कळलं, आणि त्यांचं नावही.

किल्ला कसा होतो हे ज्यांनी केलेला आहे त्यांना सांगायला नको, पण हल्ली तयार किल्ले विकत मिळायला लागले आहेत, म्हणून मला ते लिहून ठेवावंसं वाटतं. तळाला विटा आणि मोठे दगड. त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट, सुरकुत्या तशाच ठेवून, कारण त्या सुरकुत्यांचेच पुढे कडे आणि घळी होतात. मग चाळलेल्या मातीचा लेप, एकावर एक, मधे वाळू देऊन. बुरुजाला ग्लासाचा साचा. पायऱ्या कापायला कंपासपेटीतली पट्टी. पट्टी ओली केली तर कड स्वच्छ निघते, कोरडी वापरली तर माती तिला चिकटून येते. हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी. दोन्ही दिवाळीच्या चार दिवस आधी टाकायची, म्हणजे वसुबारसेला कोंब दिसतात. धबधब्याला सलाईनची नळी. ती आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर काकू आणतात, नवी कोरी, रात्रपाळीहून येताना. आणि विहिरीला नारळाची करवंटी, काठापर्यंत मातीत पुरलेली.

विहीर आधी, तट नंतर. ही शिस्त आमच्या मुलांना कुणी पुस्तकातून दिली नव्हती. करवंटी मागाहून पुरायला गेलं की भोवतीचा डोंगर खचतो, हे त्यांना हाताला कळलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात हेच बजावलेलं आहे, की आधी पाणी पाहावं आणि मग किल्ला बांधावा. ते मी मुलांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. माहीत असलेली गोष्ट ऐकल्यासारखे चेहरे होते.

२०१९ चा किल्ला मला सगळ्यांत जवळून आठवतो. त्या जुलैत उल्हास नदी पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीच्या घरांत शिरली होती. त्याच पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्यानंतरचे आठवडे पाहिले ते आम्ही: तळमजल्यांवरून फावड्यानं ओढून काढलेला गाळ, उन्हात टाकलेल्या गाद्या, भिंतीवर कंबरेच्या वर एकसारखी गेलेली पाण्याची रेघ. आमच्या बाजूला पाणी आलं नव्हतं. पण आमच्या एका मुलाचा मामा रमेशवाडीला राहायचा, आणि ऑक्टोबरमध्ये किल्ल्याला माती हवी म्हटल्यावर तोच म्हणाला, "माझ्या अंगणात हवी तेवढी पडलीये, घेऊन जा." रिक्षात घालून तीन गोणी आल्या. आमच्या आवारात तेव्हा पेव्हर ब्लॉक बसले होते, मातीचा कणही उरला नव्हता. त्यामुळे त्या वर्षीचा आमचा किल्ला पुरानं आणलेल्या मातीचा झाला.

ती माती लोण्यासारखी होती. चाळायची गरजच नव्हती, नदीनंच चाळून दिली होती. बोटांमधून ती अशी निसटायची की लहान पोरं नुसतीच हात घालून बसायची. पण वाळली की भेगाळायची. दोन दिवस मुलांनी लेप दिले आणि दोन्ही सकाळी डोंगर कासवाच्या पाठीसारखा तडकलेला दिसला. तळमजल्यावर मुरबाडकडच्या एक आजी राहायच्या. कधी बाहेर येत नसत, खिडकीतून बघत. तिसऱ्या सकाळी त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "बाळांनो, नुसत्या मातीला कोण धरून ठेवणार? तूस घाला तिच्यात." भाताचं तूस. बदलापुराबाहेर पाऊल टाकलं की सगळीकडे भातशेती, पण आमच्या मुलांना तूस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आजींच्या लेकानं गावाहून पिशवीभर आणलं. मग आजी बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि माती, तूस, शेण किती किती ते हातानं कालवून दाखवलं. परातीत पीठ मळावं तशा. भेगा थांबल्या.

आणि त्या वर्षी प्रथमच रायगड, प्रतापगड सोडून दुसरा किल्ला ठरला होता. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "रोज गच्चीवरून दिसतो तोच का नाही करत आपण?" गच्चीवरून चंदेरी दिसतो. परतीचा पाऊस ओसरत आला की हवा धुतल्यासारखी होते आणि मलंगगडापासून माथेरानकडे जाणारी सगळी रांग कात्रीनं कापून ठेवल्यासारखी उभी राहते. त्यात चंदेरीचा सुळका. आम्ही तो इतकी वर्षं कपडे वाळत घालताना पाहत होतो. मुलं वह्या घेऊन गच्चीवर गेली, सुळक्याची उतरंड कुठे मोडते ते पेन्सिलीनं काढून आणलं. चिखलाचा सुळका काही उभा राहीना. शेजारी नव्या इमारतीचं काम चालू होतं, तिथला गवंडी संध्याकाळी हातपाय धुऊन यायचा. त्यानं हातभर सळई आणली, तिला बाइंडिंगची तार गुंडाळली आणि तारेच्या वळशांत माती कशी दाबायची ते सांगितलं. हिंदीत सांगितलं. त्याचं गाव बिहारमध्ये, चंदेरी त्यानंही रोज पाहिलेला, दहाव्या मजल्याच्या परांचीवरून, आमच्यापेक्षा जास्त.

किल्ल्याला विरोधही असायचा, तोही सांगायला हवा. किल्ला होतो तिथे एका गाडीची जागा आहे. त्या गाडीवाल्या गृहस्थांची तक्रार खोटी नव्हती; पैसे भरून घेतलेली जागा, दहा-बारा दिवस चिखलात जायची. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी ती मांडली, आवाजही चढले. शेवटी किल्ला दोन फूट मागे सरकला आणि चंदेरीची एक सोंड कापली गेली.

त्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं. धनत्रयोदशीच्या सुमाराला रात्री पाऊस आला, ऑक्टोबरात येऊ नये असा, सरळ धारांचा. वीज गेली. मी खाली धावले तर माझ्याआधी पाच-सहा जण पोचले होते, बनियनवर, छत्र्या किल्ल्यावर धरून आणि स्वतः भिजत. चार छत्र्यांनी डोंगर झाकला जात नाही. सुळक्यावरून माती ओघळायला लागली होती, हळिवाचे कोंब वाहून पायरीशी येत होते. तेवढ्यात ते गाडीवाले गृहस्थ आले. काही न बोलता त्यांनी आपल्या गाडीवरचं कव्हर ओढून काढलं आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा, काकू. तिकडून विटा ठेवा." रात्रभर त्यांची गाडी उघड्यावर आणि किल्ला कव्हराखाली. सकाळी कव्हर काढलं तेव्हा सुळक्याची सळई एका बाजूनं उघडी पडली होती, बाकी किल्ला जागेवर. गृहस्थांनी कव्हर झटकलं, चिखल पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरीकडे करा." ते आजही तेच म्हणतात. मला त्यांचा आदर वाटतो.

वीट त्याच वर्षीची. दुरुस्ती करताना पाटीवरून भांडण झालं. किल्ल्यापुढे पुठ्ठ्याची पाटी लावायची होती, त्यावर नावं कुणाची? मोठी मुलं म्हणाली, मंडळाचं नाव पुरे. धाकटे रडकुंडीला आले. कुणीतरी म्हणालं, आजींचं नाव घाला, मग गवंड्याचं घाला, मग गाडीवाल्या काकांचं घालायचं का? यावर फार वेळ शांतता. तेव्हा साताऱ्याच्या काकांनी हिरोजी इंदुलकरांची गोष्ट सांगितली. रायगड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव गडावर कुठे आहे? जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर. जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडतो तिथे. मुलांनी ते मुकाट्यानं ऐकलं. मग एकानं गोणपाटाखालची एक जास्तीची वीट ओढून काढली, मोळ्याएवढा खिळा शोधला आणि सगळ्यांची नावं कोरून ती वीट चंदेरीच्या पायथ्याशी, पहिली पायरी म्हणून बसवली. आजींचं नाव आहे. गवंड्याचं आहे, त्यानं ते देवनागरीत स्वतः कोरलं, आणि सगळ्यांत सुबक अक्षर त्याचंच आहे. गाडीवाल्या काकांचंही आहे.

सार्वजनिक कला म्हटलं की लोक भिंतींकडे बोट दाखवतात. भिंतींचं मोल मला कमी लेखायचं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'हमारा स्टेशन, हमारी शान' म्हणून मोहीम झाली होती, मुंबईच्या लोकलमार्गावरची ३६ स्थानकं हजारो स्वयंसेवकांनी रंगवली. सुट्टीच्या दिवशी हातात ब्रश घेऊन फलाटाच्या भिंतीसमोर उकिडवं बसलेलं माणूस पाहून मला बरं वाटलं होतं. रोज ज्या भिंतीला पाठ लावून गाडीची वाट बघतो, तिच्याकडे तोंड करून बसणं ही लहान गोष्ट नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ज्युडी बाका या चित्रकर्तीनं काँक्रीटनं बांधलेल्या नदीपात्राच्या भिंतीवर अर्ध्या मैलाचं चित्र केलं, त्या प्रदेशात राहिलेल्या लोकांचा इतिहास. सत्तरच्या दशकात काम सुरू झालं आणि चारशेहून अधिक तरुण मुलांचे हात त्याला लागले, त्यांतली कित्येक पोलिसांच्या यादीतली. ज्या गल्ल्यांमधून वैर होतं त्या गल्ल्यांची पोरं एकाच परांचीवर उभी राहून रंगवत होती. मला ते चित्र प्रत्यक्ष पाहायचं आहे. पण आमच्याच रस्त्यावर एका कुंपणभिंतीवर मजुरीनं आणलेल्या रंगाऱ्यांनी दोन दिवसांत मोर आणि 'पाणी वाचवा' काढून दिलं. मोर चांगला होता, पिसाऱ्याचं काम तर मन लावून केलेलं होतं. सहा महिन्यांत पिसाऱ्यावर पानाच्या पिचकाऱ्या. दोष रंगाऱ्यांचा नव्हता. तो मोर तिथे येताना त्या रस्त्यावरच्या कुणाला काही विचारलं गेलं नव्हतं, हातभार मागितला गेला नव्हता. दोन इमारतींमधल्या मुलांना नुसते डोळे रंगवायला बोलावलं असतं तरी त्या भिंतीची गोष्ट निराळी झाली असती, असं मला अजून वाटतं.

गुढीपाडव्याच्या रांगोळीचं मात्र तसं होत नाही. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानानं १९९९ मध्ये नववर्ष स्वागत यात्रा काढली, ती पाहता पाहता आमच्याकडेही आली. आदल्या रात्री रस्त्यावर रांगोळी घालायला बायका बसतात. रात्री दहानंतर, वाहनं कमी झाल्यावर, कारण दिवसा आम्ही कुणी इथे नसतोच. चाळणीनं रंग पसरायचा, पाच बोटांतून पांढरी रेघ सोडायची, शंख, गोपद्म, स्वस्तिक. सकाळी यात्रा त्यावरून जाते आणि दुपारपर्यंत रस्ता नुसता गुलाबी होतो. ते पुसणं मनाला लागत नाही. पहाटे तीनला रस्त्यावर मांडी घालून आपल्याशेजारच्या बाईच्या थर्मासातला चहा प्यालेला असतो, तो राहतो.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मग मावळे डब्यात, महाराज देव्हाऱ्याशेजारी कुणाच्या तरी घरी, विटा एका बाजूला. २०१९ ची पुराची माती आम्ही कुंड्यांत भरली. तुसामुळे ती भुसभुशीत राहिली आणि आजींच्या खिडकीतल्या तुळशीला त्या वर्षी मंजिऱ्याच मंजिऱ्या. पायरीची वीट कुणाला टाकवेना, म्हणून ती मीटर रूममध्ये गेली.

तेव्हापासून दर वर्षी किल्ला कुठलाही असो, पहिली पायरी तीच. २०२० मध्येही ती बाहेर निघाली. मास्क लावलेली तीनच मुलं, हातभर किल्ला, पण पायरी तीच. दर वर्षी थोडी नावं वाढतात. जुन्यांतली काही मुलं शिकायला पुण्याला गेली, एक कुटुंब घर विकून नाशिकला गेलं, गवंडी कुठल्या इमारतीवर आहे कुणास ठाऊक. आजी गेल्या. माझा मुलगा बंगळुरूला असतो, आणि धनत्रयोदशीला फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "यंदा कुठला?"

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. शाळेत ते बारा पाठ करून घेतले होते, त्यामुळे त्या दिवाळीत बारांतलाच एक हवा असा मुलांचा हट्ट होता. सिंधुदुर्ग ठरला. समुद्र करायला निळं प्लास्टिक आलं. चौथ्या मजल्यावर मालवणचे एक काका आहेत, ते म्हणाले, तट मग घाला, आधी माझ्या तीन बावी पुरा: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. तीन करवंट्या आल्या. काकांनी प्रत्येकीत तांब्यानं पाणी ओतलं, आणि तिसरीत ओतताना त्यांचा हात किंचित थांबला. पंधरा वर्षांत गावी दिवाळीला जाणं झालेलं नाही.

वीट शेवटी बसवतात. त्या वर्षी तळमजल्यावर, आजींच्या जागेत, नवं भाड्याचं बिऱ्हाड आलं होतं. त्यांची तिसरीतली मुलगी दोन दिवस खिडकीतूनच बघत होती, तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि पट्टी ओली करून देण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. वीट तिच्यापुढे आली तेव्हा कोरायला जागा उरली नव्हती. मुलांनी वीट उभी केली, कडेला बोटभर पट्टी मोकळी होती.

"तुझं नाव इथे मावेल?"

तिच्या नावात जोडाक्षर आहे. तिनं वीट मांडीवर घेतली, खिळा मुठीत धरला आणि पहिलं अक्षर काढलं. मग थांबली. भट्टीवाल्याच्या तीन अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "हे कोण?"

"ज्यानं वीट केली तो."

"तोपण आपल्यातला?"

कुणीतरी हो म्हणालं. तिनं विटेवर फुंकर मारली, लाल भुकटी फ्रॉकवर उडाली, आणि ती जोडाक्षराकडे वळली.